पुढे काहीच झालं नव्हतं! विनाकारण होणाऱ्या ट्रॅफिक जॅमचा इतिहास

हा एपिसोड बसमध्ये किंवा कॅबमध्ये बसून ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय आहे ट्रॅफिक जॅम. त्यातही एक खास प्रकारचा जॅम.

समजा, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तुम्ही चालला आहात. घाटाच्या चढावर ट्रक हळू झाले आणि मागे रांग लागली, तर कारण डोळ्यांसमोर असतं. पण कधी कधी सपाट रस्त्यावरच सगळे अचानक थांबतात. दहा मिनिटं मुंगीच्या चालीने सरकायचं. वाटतं, पुढे नक्की अपघात झालाय. आणि मग एकदम रस्ता मोकळा! अपघात नाही, बंद पडलेली गाडी नाही. मग आपण अडकलो कशात? अशा वेळी गाडीतलं कोणीतरी म्हणतंच, "लोकांना गाडी चालवताच येत नाही." हे वाक्य कितपत खरं आहे, ते नीट तपासायला गणिताला जवळजवळ ७५ वर्षं लागली.

सुरुवात १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत. ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या इंजिनीअरने ओहायो राज्यात रस्त्याच्या कडेला मूव्ही कॅमेरा लावला. दोन फ्रेममध्ये गाडी किती सरकली यावरून वेग कळायचा, आणि रस्त्याच्या तुकड्यावर किती गाड्या आहेत यावरून गर्दी. १९३५ साली छापलेल्या निबंधात त्याने या दोन्हींचा ग्राफ काढला आणि थोड्याशा बिंदूंमधून चक्क एक सरळ रेषा ओढली. गर्दी वाढेल तसा वेग त्याच प्रमाणात कमी होतो. बस, एवढंच मॉडेल.

आता आपण आपले आकडे घालून बघू. मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ८० किमी धरा. गाड्या एकमेकींना चिकटून थांबल्या तर एका लेनच्या एक किलोमीटरमध्ये १२५ मावतात असं धरा. किलोमीटरला २५ गाड्या असतील तर रेषेप्रमाणे वेग येतो ६४, आणि तासाला १,६०० गाड्या पुढे जातात. १०० गाड्या असतील तर वेग येतो १६, आणि तासाला जातात... पुन्हा १,६००! म्हणजे रस्त्याचं 'काम' तेवढंच झालं, पण तुम्हाला चौपट वेळ लागला. एकाच रस्त्यावरून तेवढ्याच गाड्या नेण्याचे दोन मार्ग आहेत, एक सुखाचा आणि एक डोकेदुखीचा.

पण रस्ता सुखातून डोकेदुखीत जातो कसा? पुढची पायरी १९५५ ची, इंग्लंडमधल्या मँचेस्टरची. जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम हे दोघं द्रवांच्या गतीचे अभ्यासक. त्यांनी एकाच विषयावर दोन पेपर लिहिले. पहिला लांब नद्यांमधल्या पुराचा, दुसरा लांब गजबजलेल्या रस्त्यांवरच्या ट्रॅफिकचा. गणित तेच! नदीत पुराची लाट आणि पाणी वेगवेगळ्या वेगाने जातात. तसंच रस्त्यावर गाड्या पुढे जातात, पण जॅम मागे सरकतो. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, पॉल रिचर्ड्सने अमेरिकेत स्वतंत्रपणे हेच मांडलं.

दर्शनाच्या रांगेत उभे राहिला असाल तर हे तुम्ही अनुभवलंय. पुढचा माणूस थबकला की ते थबकणं मागे मागे जात राहतं. माणसं देवाकडे जातात आणि थांबणं चपलांच्या स्टँडकडे! आपल्याच आकड्यांत बघा. पुढे रस्ता ठप्प, आणि मागून तासाला १,६०० गाड्या येताहेत. थांबलेल्या भागात किलोमीटरला १२५ गाड्या, येणाऱ्या भागात २५. फरक १०० चा. १,६०० भागिले १०० म्हणजे १६. रांगेचं शेपूट ताशी १६ किमी वेगाने मागे वाढत जातं. म्हणून तुम्ही पोचेपर्यंत जॅमचं मूळ कारण, काही असलंच तर, कधीच निघून गेलेलं असतं.

पण एक प्रश्न उरलाच. हे मॉडेल जॅम कसा प्रवास करतो ते सांगतं. कारणाशिवाय तो जन्मतो कसा, ते नाही सांगत.

त्याचा धागा १९५८ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत सापडला. रॉबर्ट हर्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन गाड्यांमध्ये तार जोडली. पुढची गाडी वेग बदलते तेव्हा मागची किती उशिरा आणि किती जोरात प्रतिसाद देते, हे त्या तारेवरून मोजलं. उशीर निघाला साधारण दीड सेकंद. मग गणित म्हणतं, या उशिराला प्रतिसादाच्या जोराने गुणा. गुणाकार अर्ध्यापेक्षा कमी असेल तर छोटासा धक्का रांगेत मागे जाता जाता विरतो. जास्त असेल तर प्रत्येक गाडीगणिक वाढतो. पहिल्याने ब्रेकला नुसता पाय लावला, दुसऱ्याने जरा दाबला, तिसऱ्याने जोरात, आणि पुढे कुठेतरी विसावा-पंचविसावा माणूस चक्क थांबला. त्याने काय चूक केली? काहीच नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कोडची एकेक ओळ तपासली तर बरोबर असते, पण सगळं मिळून सिस्टिम अडकते.

१९९२ मध्ये जर्मनीत काय नागेल आणि मायकेल श्रेकेनबर्ग यांनी तर कमालच केली. रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडले आणि चार नियम दिले: वेग वाढव, पुढच्याला धडकणार असशील तर कमी कर, कधीमधी उगाच थोडा हळू हो, आणि पुढे सरक. मी तीसेक ओळींत हे लिहून चालवलं. १०० चौकोनांचा गोल रस्ता, १५ गाड्या. 'उगाच हळू हो' हा नियम बंद ठेवला तर थोड्या वेळात सगळ्या सुरळीत पळायला लागतात. तो ३० टक्के वेळा लागू केला की स्क्रीनवर जॅम तयार होतात आणि मागे सरकायला लागतात. त्या एका नियमात आपण सगळे आलो. जांभई आली, आरशात बघितलं, फोन वाजला.

शेवटचा पुरावा २००८ चा, जपानमधून. युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सूचना एकच, ताशी ३० किमीच्या आसपास वेग ठेवा. सिग्नल नाही, वळणाचा फाटा नाही, कोणी मध्ये घुसणार नाही. तरी थोड्याच वेळात जॅम तयार झाला आणि ताशी सुमारे २० किमी वेगाने मागे फिरू लागला. कॅमेऱ्यात सगळं आहे. दोषी कोण, ते दाखवता येत नाही.

अर्थात, ही मॉडेल्स लेन पाळणाऱ्या गाड्यांची आहेत. आपल्याकडे रिक्षा, बाइक, बस आणि टेम्पो एकाच पट्ट्यात जागा शोधतात. शहरातल्या चौकाला ती जशीच्या तशी लागू होणार नाहीत. पण दीड सेकंदाचा उशीर आपल्यालाही आहेच. ताशी ८० ने जाताना ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्याच्या नंबरप्लेटला चिकटून चालवलं तर जॅम सोडा, जिवाशी खेळ आहे.

तुम्ही म्हणाल, गॅप ठेवली की कोणीतरी घुसतोच. घुसू दे! भरून वाहणाऱ्या लेनमध्ये दोन गाड्यांत साधारण दोन सेकंदांचं अंतर असतं. म्हणजे मुंबई ते पुणे दहा जण घुसले तरी तुमचे वीस सेकंद गेले. त्या बदल्यात पुढच्याचा धक्का तुमच्या गॅपमध्ये जिरतो आणि मागच्या अनोळखी माणसाला ब्रेक मारावा लागत नाही. तो तुम्हाला थँक्यू म्हणणार नाही, कारण त्याच्यासाठी काही घडलेलंच नसेल.

पुढच्या वेळी गाडीत कोणी म्हणालं, "लोकांना चालवता येत नाही," तर त्यांना या २२ गाड्यांची गोष्ट सांगा. आणि गाडी चालवत असाल तर व्हिडिओ नंतर शोधा, आत्ता फोनला हात लावू नका. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!