वीज पडली आणि काचेच्या धाग्याची गोष्ट सुरू झाली

आजचा भाग नाशिकमधून. सुरुवात तीन जळलेल्या डब्यांपासून.

मी संध्याकाळी एका अभ्यासिकेत मदत करतो. एकाच आवारात पुढे अभ्यासिका, मागे मुलांचं वसतिगृह, मध्ये दोनशे मीटर. नेटची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून मधल्या वॉचमनच्या खोलीत एक जास्तीचा स्विच बसवलेला. मे अखेरीस वळीव आला, वीज कडाडली, आणि तिन्ही ठिकाणचे स्विच एका झटक्यात गेले. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर! मुलांनी एकमेकांच्या हॉटस्पॉटवर कसेबसे भरले.

सगळे म्हणाले, फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही, खरंय. पण पहिल्या दुकानात आकडा ऐकला आणि आमचे अध्यक्ष गप्पच झाले. अभ्यासिका वर्गणीवर चालते हो! मग मी शोधायला बसलो, की ही वस्तू खरंच इतकी महाग आहे का? उत्तर इतिहासात सापडलं.

1966 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून फोन धावू शकतील. अट एकच: एक किलोमीटर गेल्यावर किमान एक टक्का प्रकाश उरला पाहिजे. त्या वेळची काच याच्या जवळपासही नव्हती. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती अट पार केली. आज साध्या सिंगल मोड फायबरमध्ये किलोमीटरनंतर नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश उरतो. काओंना 2009 मध्ये नोबेल मिळालं.

आणि भारतात? 1979 साली शहरातली टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी देशातली पहिली फायबर लाइन सुरू झाली, ती आपल्या पुण्यात! म्हणजे काम आमच्यासारखंच, दोन इमारती जोडायचं. फरक इतकाच, की तेव्हा ते सरकारी टेलिफोन खात्यालाच परवडणारं होतं.

मग स्वस्ताई आली कुठून? एक, 2000 च्या सुमारास कंपन्यांनी एकत्र येऊन एसएफपी नावाचं बोटाएवढं मॉड्यूल ठरवलं. लेझर स्विचपासून सुटा झाला, कुणाचाही विकत घेता येऊ लागला. दोन, 2004 च्या इथरनेट मानकात एकाच धाग्यातून दोन रंगांचा प्रकाश, एक जाणारा आणि एक येणारा, हे पक्कं झालं. तीन, फायबर घराघरात पोचलं. लेझर लाखोंनी बनू लागले आणि गल्लीतल्या केबलवाल्याकडे स्प्लायसिंग मशीन आलं.

आम्ही शेवटी काय घेतलं? दोन मीडिया कन्व्हर्टर. जोडी साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त. पण नीट ऐका, तीन गोष्टी. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर जोडीनेच घ्या, एक ए आणि एक बी. एक 1310 नॅनोमीटरवर बोलतो, दुसरा 1550 वर. दोन्ही ए आणलेत तर दिवा लागणारच नाही. केबल धातू नसलेली घ्या, नाहीतर आतल्या पोलादी तारेवरून वीज परत घरात शिरायची. आणि दोनाऐवजी चार धाग्यांची टाका, कारण खरा खर्च खोदाईचा असतो. हो, आणि उघड्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

जूनमध्ये मुलांनीच चर खणला. केबलवाले काका आले, त्यांनी टोकं वितळवून जोडली, आणि वसतिगृहातला हिरवा दिवा लागला. वॉचमनच्या खोलीतला स्विच आता नाहीच. त्या जागी त्यांचा चहाचा स्टोव्ह आहे.

तुमच्या आवारात अशी जोडणी असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!