खिडकी उघडी, शब्द स्पष्ट

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापुरात नांदेड–हिंगोली रस्त्यालगत शाळेची एक खोली बांधायची आहे, असे धरून चालू. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून वारा खेळता हवा. विजेची बचत हवी, म्हणून खिडक्या मोठ्या हव्यात. हरित मानांकनाचे गुण याच गोष्टींना मिळतात. पण त्याच खिडकीतून ट्रकचे हॉर्न आणि उसाच्या ट्रॅक्टरची धडधड आत येते आणि मागच्या बाकावरच्या मुलीला शिक्षकांचे निम्मे शब्द कळत नाहीत. इमारतींच्या ध्वनिशास्त्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने सुरुवातीलाच हा पेच नीट पाहावा. वारा, उजेड आणि आवाज यांचा विचार एकाच नकाशावर, एकाच वेळी करायचा असतो. इमारत उभी राहिल्यावर केलेले उपाय महाग पडतात आणि बहुधा अपुरे ठरतात.

या शास्त्राचा पाया एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात घातला गेला. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला फॉग संग्रहालयातले निरुपयोगी ठरलेले सभागृह सुधारायला सांगितले. दुसऱ्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, असे काम त्यांनी रात्री गाव शांत झाल्यावर केले. खोलीचे घनफळ जितके जास्त तितका घुमारा लांबतो. शोषण जितके जास्त तितका तो आटोपतो. शोषण मोजायला त्यांनी धरलेले माप होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे आपण वाऱ्यासाठी ठेवतो ती खिडकी या शास्त्रात पहिल्या दिवसापासून आहे.

आपल्या खोलीचा हिशोब करून पाहा. 7 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3.2 मीटर उंच. घनफळ सुमारे 134 घनमीटर. सिमेंटचा गिलावा, स्लॅब आणि फरशी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात असे धरले, तर रिकाम्या बंद खोलीत निनादकाळ, म्हणजे आवाज विरेपर्यंतचा वेळ, चार सेकंदांच्या वर जातो. चाळीस मुले बसली की तो सव्वा सेकंदावर येतो. लहान वर्गासाठी अमेरिकी मानकाची मर्यादा आहे 0.6 सेकंद. सहा चौरस मीटर खिडक्या उघडल्या आणि अर्ध्या छताला लाकडी तंतूंचे साठ टक्के शोषण करणारे बोर्ड लावले, की भरलेल्या वर्गात हे गणित जवळजवळ जुळते. एवढेच काम, पण ते अंदाजपत्रकात आधी लिहिलेले असायला हवे.

घुमारा आटोपला तरी रस्ता उरतोच. उघडी खिडकी बाहेरचा आवाज साधारण 10 ते 15 डेसिबलनेच कमी करते, आणि शिक्षकांचा आवाज भोवतालच्या गोंगाटाहून 15 डेसिबलने वर असावा लागतो. उपाय मांडणीत आहे: व्हरांडा आणि जिना रस्त्याच्या अंगाला, वर्गांच्या मोठ्या खिडक्या मागच्या अंगणाकडे. कडुनिंबाची एक रांग लावली की आवाज थांबेल हा समज मात्र सोडावा. सावलीसाठी ती लावावीच. आवाज अडवायला रस्ता नजरेआड करणारी भरीव भिंत लागते.

मानांकन पद्धतींनी हा विषय उशिरा मनावर घेतला. अमेरिकेच्या ‘लीड’ने 2007 मध्ये शाळांसाठी किमान ध्वनिगुणवत्ता ही पूर्वअट केली. आपल्याकडे टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने उभ्या केलेल्या ‘ग्रिहा’त ध्वनिसुखाचा विचार आहे, आणि 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनीवर स्वतंत्र विभाग आहे. त्याआधीच, 2006 मध्ये, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हरित इमारतींतल्या लोकांची मते मांडली, तेव्हा हवेबद्दल समाधान वाढलेले दिसले, आवाजाबद्दल नाही. कारणे सरळ आहेत: उघडे काँक्रीट, काच, कमी उंचीची पार्टिशने. साहित्य वाचवताना आपण मऊ पृष्ठभागच काढून टाकतो. मला हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे अपुरे काम वाटते.

मराठवाड्यात मात्र उष्णता आणि आवाज यांची औषधे पुष्कळदा एकच निघतात. पत्र्याच्या शाळेत मोठी सर आली की शिकवणे थांबते. पत्र्याखाली दाट तंतूंचा थर आणि त्याखाली बोर्ड दिला तर ऊनही अडते आणि पावसाचा मारही. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. त्याच्या वजनामुळे दुपारी घर थंड राही आणि पाऊस आत बोलणे बुडवत नसे. ते छत जसेच्या तसे आणावे असे माझे म्हणणे नाही. त्याला देखभाल लागते. पण त्यातले तत्त्व आजच्या स्लॅबवर मांडता येते.

हाच पेच शाळेबाहेरही आहे. हिंगोली जिल्ह्यातच संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आहे, आणि गावोगाव कीर्तनासाठी स्लॅबचे सभामंडप होत आहेत. कडक छताखाली टाळ-मृदंग भरून राहतो, पण निरूपणाचे शब्द एकमेकांवर चढतात. मग कर्ण्याचा आवाज वाढवतात, त्याने घुमाराही वाढतो. इथे कर्णे लहान आणि जास्त ठेवून श्रोत्यांजवळ आणणे, छताला शोषक थर देणे, बाजू खुल्या ठेवणे हे आधी करावे.

या अभ्यासाला महागडी उपकरणे लागत नाहीत. रिकाम्या वर्गात टाळी वाजवा, मागच्या बाकावर बसून श्रुतलेखन करा, तेच खिडक्या उघड्या आणि बंद ठेवून, सकाळी आणि वाहतूक भरात असताना करा. चुकलेले शब्द मोजा. ते आकडे हाती घेऊन मग पेन्सिल उचला आणि खिडक्या कुठे द्यायच्या ते ठरवा.