हातावर न उठलेली गाठ

1998 सालची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातला एक शिंपी मित्र दोन महिने तापाने हैराण होता. अंगातले कपडे सैल झालेले, रात्री घामाने उशी भिजायची. खोकला मात्र नव्हता. तो एचआयव्हीबाधित आहे हे त्याच्या बायकोला आणि मलाच ठाऊक होते. एका दवाखान्यात हातावर क्षयाची मॉन्टू चाचणी केली. तीन दिवसांनी पाहिले तर गाठ उठलेलीच नाही. थुंकीतही जंतू नाहीत. 'टीबी नाही' हे ऐकून भाभींनी शुक्राण्याची नमाज अदा केली. दीड महिन्यात तो गेला. मानेतल्या गाठीच्या तपासणीत क्षय निघाला. तो कागद दफनानंतर हाती आला.

मी बी.ए. झालेला कवी, डॉक्टर नव्हे. पण त्या न उठलेल्या गाठीने मला पुष्कळ वाचायला लावले.

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. 1890 मध्ये त्यांनी या जंतूपासून काढलेला अर्क औषध म्हणून पुढे आणला. औषध म्हणून तो फसला. पण क्षयाचा जंतू शिरलेल्या माणसाच्या त्वचेत तो टोचला की तिथे गाठ येते, हे पुढे कामाला आले. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी 1908 मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली. ज्या मुलांच्या हातावर ही खूण उठत असे, त्यांना गोवर झाला की ती काही दिवस उठेनाशी होई. जंतू अंगातच असे, थंडावलेले असे ते शरीर.

म्हणजे गाठ जंतू उठवत नाही, आपलेच शिपाई उठवतात. फुप्फुसातही तेच घडते. जंतूला गिळणाऱ्या पेशींभोवती सीडी-4 पेशी जमतात, तटबंदी उभी राहते आणि जंतू आत वर्षानुवर्षे कोंडून पडतो. खोकल्यातून जंतू बाहेर टाकणारी फुप्फुसातली पोकळीसुद्धा बव्हंशी याच लढाईची पडझड आहे. एचआयव्ही नेमक्या सीडी-4 पेशीच मारतो. मग तट ढासळतो, जंतू मानेच्या गाठींत, मेंदूच्या आवरणात पसरतो. पण पोकळी होत नाही, थुंकी स्वच्छ राहते, हातही सपाट. उलट बाजूनेही घात होतो. क्षयाशी लढायला जाग्या झालेल्या पेशींतच एचआयव्ही जोमाने वाढतो.

न्यूयॉर्कचे पीटर सेल्विन यांचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. नसेतून अमली पदार्थ घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातावर पूर्वी गाठ उठली होती, असे 49 जण एचआयव्हीबाधित होते. सुमारे दोन वर्षांत त्यांतल्या 7 जणांना क्षय झाला. एचआयव्ही नसलेल्यांत एकालाही नाही. एरवी असा कोंडलेला जंतू दहा जणांत फार तर एकाला, तेही आयुष्यभरात कधीतरी आजारी पाडतो.

आपल्याकडे सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली ती एप्रिल 2004 पासून. तोवर आणखी एक कोडे समोर आले होते. औषधांनी शिपाई परतले की उरलेल्या जंतूंवर तुटून पडत; ताप चढे, गाठी सुजत, बरा होणारा रुग्णच अधिक आजारी दिसे. त्यामुळे आधी क्षयाचे उपचार पुरे करावेत, मग एचआयव्हीचे, असे अनेक डॉक्टरांना वाटे. दक्षिण आफ्रिकेतील डरबनला सलीम अब्दुल करीम आणि सहकाऱ्यांनी 642 रुग्णांवर हे तपासले. 2010 मध्ये निष्कर्ष आला: क्षयाच्या उपचारांदरम्यानच एचआयव्हीची औषधे सुरू केली तर मृत्यू 56 टक्क्यांनी घटतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र आजही थोडे थांबतात.

आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की एचआयव्हीबाधिताला प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारा. खोकला आहे? ताप येतो? वजन घटले? रात्री घाम येतो? एकाचेही उत्तर 'हो' आले तर क्षयाचा कसून शोध घ्या.

माझ्या मित्राची तीन उत्तरे 'हो' होती.