थळ घाटाचा उतार आणि पतनाचा हिशेब

कसाऱ्याहून इगतपुरीस चढणाऱ्या आगगाडीस जादा इंजिनांचा जोर द्यावा लागतो, ही गोष्ट मुंबईहून नाशिकाकडे जाणाऱ्या प्रवाशांस चांगली ठाऊक आहे. गाडी थांबते, मागून धक्का बसतो, आणि लोक घाटाची शोभा पाहण्यास खिडकीशीं सरकतात. चढण्याच्या या खटाटोपाकडे सर्वांचें लक्ष जातें; उतरण्याकडे कोणाचें जात नाहीं. घाट बांधणारांस मात्र उताराची चिंता चढाहून कमी नव्हती.

शहापुराजवळील आसनगांवाहून लोहमार्ग कसाऱ्यास पोंचला तो 1861 सालीं. पुढचा थळ घाट खुला होण्यास 1865 साल उजाडलें. तो पाहण्यास मुख्य अभियंता जेम्स बर्कले उरला नव्हता, तो 1862 मध्येंच निवर्तला. सुमारें सवानऊ मैलांत 972 फूट उंची गांठावयाची होती, आणि चढ जेथें अत्यंत तीव्र तेथें 37 फुटांस 1 फूट असा होता. चढतांना जाळलेल्या कोळशाच्या शक्तीचा बराचसा भाग धुरांत, वाफेंत व घर्षणांत जातो. उरलेला गाडीच्या उंचीच्या रूपानें माथ्यावर ठेव म्हणून राहतो. ही ठेव उतरतांना परत मिळते, मग ती कोणास हवी असो वा नसो. ब्रेक निकामी झाले आणि घर्षण मुळींच नाहीं असें धरलें, तर माथ्यावरून सुटलेली गाडी पायथ्याशीं तासीं सुमारें 270 किलोमीटर वेगानें येईल. यासाठींच घाटांत उताराच्या मार्गास फुटून डोंगराकडे चढत जाणारे आडमार्ग ठेविले. गाडी ताब्यांत आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाल्यानें तिला सरळ वाट मोकळी करावयाची. बेफाम गाडी त्या आडमार्गास लागून, आपला वेग पुनः उंचीच्या हवालीं करून थांबावी, अशी योजना. ऊर्जेच्या अविनाशित्वाचा याहून सरळ पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकांत सांपडेल?

आणि तो नियम तरी त्या वेळीं केवढा जुना होता! मायरचा निबंध 1842 सालचा, हेल्महोल्ट्झचा 1847 चा, आणि जूलचे प्रयोग त्याच दशकांतले. म्हणजे नियम आणि घाट हीं एकाच पिढीचीं अपत्यें होत.

येथें चिकित्सक वाचक एक शंका घेईल. ठेवीचा हिशेब आपण वजन गुणिले उंची असा मांडला. पण उंची वाढली कीं वजनच घटतें. ज्या मापानें माल मोजावयाचा तें मापच वाटेंत बदलत असेल, तर हिशेब जुळावा कसा? या शंकेचें उत्तर घाटाच्याही पावणेदोनशें वर्षें आधीं, 1687 सालीं, न्यूटननें आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत दिलेलें आहे. पहिल्या खंडाच्या एकोणचाळिसाव्या सिद्धांतांत तो सांगतो कीं, पडणाऱ्या पदार्थावरील ओढ प्रत्येक उंचीवर निरनिराळी असली तरी ओढीच्या आलेखाखालचें क्षेत्र घ्यावें. वेगाचा वर्ग त्या क्षेत्राच्या प्रमाणांत असतो. चाळिसाव्यांत तो आणखी पुढें जातो: सरळ पडणारा आणि वांकड्या वाटेनें जाणारा असे दोन पदार्थ एका उंचीवर समान वेगाचे असले, तर ते इतर प्रत्येक समान उंचीवरही समान वेगाचेच राहतात. ‘ऊर्जा’ हें नांव तेव्हां या अर्थानें रूढ नव्हतें. पण वस्तु तीच.

या दुसऱ्या सिद्धांताचा अर्थ मुरबाडकरांस नाणेघाटावरून चटकन् कळेल. सातवाहनांच्या काळापासून बैल तेथें पाठीवर ओझें घेऊन उभ्या खिंडींतून जुन्नराकडे चढले. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असें लोक सांगतात. आगगाडीनें मात्र बोगद्यांतून व वळणांतून लांबचा पल्ला पत्करला. वाट उभी असो वा वळणाची, उंची सारखी असेल तर गुरुत्वाची जकात सारखीच. घर्षणाचा खर्च तेवढा वेगळा.

आतां फरक किती पडतो तें पाहूं. थळ घाटाच्या उंचीस पृथ्वीच्या त्रिज्येनें भागलें तर साडेएकवीस हजारांत एक भाग येतो; तेवढीच ठेव साध्या हिशेबाहून कमी. बेफाम गाडीच्या वेगांत त्यानें तासीं सहासात मीटरांची तूट येईल. इंजिनिअरांनीं तिकडे दुर्लक्ष केलें तें योग्यच केलें. परंतु हाच घाट वर वाढवीत पृथ्वीच्या त्रिज्येइतका उंच नेला, तर ठेव साध्या हिशेबाच्या निम्मीच भरते. आणि तो अनंतापर्यंत नेला तरी ठेव अनंत होत नाहीं! तेथून पडलेला दगड, हवा आड आली नाहीं तर, सेकंदास 11.2 किलोमीटर वेगानें भूमीवर येतो, त्याहून अधिक नाहीं. मला या विषयांत याच गोष्टीचें नवल सर्वांत अधिक वाटतें.

तूट अल्प असली तरी ती कल्पित नव्हे. कसाऱ्यास बिनचूक लावलेलें लंबकाचें घड्याळ इगतपुरीस नेलें, तर नुसत्या उंचीमुळें तें दिवसाला सुमारें 4 सेकंद मागें पडावें; पायाखालच्या काळ्या खडकाची ओढ त्यांतला कांहीं भाग भरून काढते. अशींच लंबकाचीं मोजमापें घेत हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याचा कॅप्टन बसेव्ही लडाखांत 15,000 फुटांहून उंच गेला, आणि त्या कामावर असतांनाच 1871 सालीं मरण पावला.

थळ घाटांत उताराची ठेव दीर्घकाळ ब्रेकांच्या घर्षणांत जळून वायां जात होती. 1930 च्या सुमारास इगतपुरीपर्यंत विजेची तार आली, आणि लोक ज्यांना ‘खेकडा’ म्हणत तीं हिरवीं लांबट इंजिनें घाटांत धांवूं लागलीं. उतरतांना त्यांचे मोटारयंत्र जनित्राचें काम करी व वीज तारेंत परत जाई. त्या वेळीं दुसरी गाडी खालून चढत असली, तर उतरणारी गाडी तिला दुरूनच, नुसत्या तारेच्या द्वारें, हात देई. पुरी रक्कम अर्थात् पोंचत नसे. रुळ, चाकें आणि तार आपापला वांटा वाटेंतच काढून घेत.