दैवी न्याय आणि प्रायश्चित्त : ग्वाल्हेरच्या वाटेवरील एक विचार

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात शत्तारी पंथाचे सूफी संत शेख मुहम्मद गौस यांची भव्य कबर आहे. त्याच आवारात तानसेनही चिरविश्रांती घेत आहे. गौस १५६३ च्या सुमारास निवर्तले. पुढे १५८० च्या आरंभी गोव्याहून निघालेले येशूसंघीय फादर रुडॉल्फ अक्वाविवा, अंतोनियो मॉन्सेरात व फार्सी जाणणारे फ्रान्सिस्को हेन्रिक्स ग्वाल्हेरवरून फत्तेपूर सिक्रीस गेले.

तेथे अकबरासमोर उलेमांशी त्यांचे वाद झाले. एकदा अग्निदिव्याचीही गोष्ट निघाली. अबुल फज्लच्या मते आव्हान पाद्रींनी दिले; मॉन्सेरातच्या मते पाद्रींनी ते नाकारले. एकाच प्रसंगाचे हे दोन वृत्तांत पाहिले म्हणजे वाद जिंकण्याच्या ईर्षेत परस्परांचे म्हणणे किती हरवते, हे ध्यानी येते.

तारणाविषयीचा मुस्लिम आक्षेप नीट ऐकला पाहिजे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे कुराण सांगते (६:१६४). पश्चात्तापी मनुष्यास देव स्वतःच क्षमा करतो. त्यासाठी निरपराध्याचा बळी कशाला? शिवाय येशूला क्रूसावर मारण्यात आले नाही, अशीही कुराणाची भूमिका आहे (४:१५७). यांपैकी पहिला आक्षेप आम्हांस परका नाही. पित्याच्या पापाचा भार पुत्रावर पडणार नाही, हे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आमच्याच शास्त्राने सांगितले आहे.

मग प्रवचनात न्यायाधीशाचा दृष्टांत देताना आम्ही काय करतो? अपराध्यास सोडून तिसऱ्याच निर्दोष माणसास दंड करणारा न्यायाधीश श्रोत्यांपुढे उभा करतो. आम्हीही अनेकदा असेच शिकविले आहे, हे कबूल केले पाहिजे. अशा न्यायाला मुसलमान बंधूने अन्याय म्हटले, तर त्याची चूक नाही.

पवित्र शास्त्राचे म्हणणे निराळे आहे. ख्रिस्त हा देव आणि मनुष्य यांच्यामध्ये पकडून आणलेला तिसरा नव्हे; ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाचा समेट करीत होता (२ करिंथ ५:१९). संत अन्सेल्म यांनी १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातही शिक्षा आणि पापाची भरपाई या दोन पर्यायी गोष्टी मानल्या असून, ख्रिस्ताने स्वेच्छेने केलेली भरपाईच तेथे महत्त्वाची आहे. क्षमेची किंमत क्षमा करणाराच सोसतो, हा क्रूसाचा अर्थ होय.

देवाने दया स्वतःवर बंधनकारक करून घेतली आहे, असे कुराणही म्हणते (६:५४). येथवर आपण एकत्र चालू शकतो. त्या दयेने क्रूस स्वीकारला काय, येथे मात्र वाटा वेगळ्या होतात. तो भेद झाकू नये. पण तो खरा भेद असावा, आमच्या सदोष दृष्टांताने निर्माण केलेला नसावा. पुढील उपवासकाळात प्रवचन तयार करताना प्रत्येक धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने ही एवढी तपासणी अवश्य करावी.