माइक कॉलफिल्ड
माइक कॉलफिल्ड हे डिजिटल व माध्यम साक्षरतेचे अमेरिकन अभ्यासक आणि शिक्षक आहेत. संकेतस्थळाची विश्वासार्हता ठरवताना त्याच पानाचे प्रश्नावलीनुसार बारकाईने परीक्षण करण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. फसवी संकेतस्थळेही नीटनेटकी दिसत असल्याने ही पद्धत अपुरी पडते, असे मत त्यांनी मांडले. २०१७ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी तथ्य-पडताळणीचे मुक्त पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. २०१९ मध्ये त्यांनी ‘सिफ्ट’ ही चार पायऱ्यांची पद्धत मांडली : थांबणे, स्रोताची चौकशी करणे, अधिक विश्वसनीय वृत्त शोधणे आणि विधान, अवतरण वा छायाचित्राचा मूळ संदर्भ गाठणे. या पद्धतीत वाचक पानावर रेंगाळत नाही; त्या पानाविषयी इतरत्र काय म्हटले आहे, ते आधी पाहतो. सॅम वाइनबर्ग यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘व्हेरिफाइड’ हे पुस्तक २०२३ मध्ये प्रकाशित झाले.