फाळके यांचा आवडता चित्रपट आणि बडोद्याचे कलाभवन

चित्रपटकर्त्याला कोणता चित्रपट आवडला, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक रुचीचा वाटतो. दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत मात्र तो इतिहासाचा प्रश्न ठरतो. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत त्यांनी त्याची हकिकत दिली आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते तोच चित्रपट पुन्हा पाहावयास गेले.

ही कथा सर्वश्रुत आहे आणि तिचे श्रेय बहुधा त्यांच्या स्वदेशप्रेमाला दिले जाते. ते रास्तच आहे. परंतु आम्हा बडोदेकरांना त्यात थोडी भर घालावीशी वाटते. तो चित्रपट इतरही अनेकांनी पाहिला असेल. भारावून घरी जाणे वेगळे आणि ‘हे कसे करतात?’ असे विचारणे वेगळे. हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय फाळके यांना हस्तकौशल्याच्या शिक्षणाने लावली, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात आले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली स्थापलेल्या या संस्थेत कला आणि उद्योग यांची फारकत नव्हती. चित्रकलेबरोबर छायाचित्रणही फाळके यांनी येथेच आत्मसात केले.

म्हणूनच आवडलेल्या चित्रपटाचा त्यांनी अभ्यास केला. मिळतील ते चित्रपट पाहताना डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच धोक्यात आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि कॅमेरा घेऊन परतले. प्रथम त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे आला. मनात उभे राहिलेले राम आणि कृष्णही यथाकाल ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांतून पडद्यावर अवतरले.

भारतीय चित्रपटाचा जन्म बडोद्यात झाला, असा दावा आम्ही करणार नाही. तथापि त्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात कलाभवनाचा उल्लेख ओझरता न राहावा, एवढी अपेक्षा गैर नव्हे.